तेरीज, तांब्याची तार आणि खिळा : बीकॉम-बीएच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवताना ठेवलेल्या प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२४, सोमवार

नव्या शैक्षणिक धोरणातला खुला ऐच्छिक विषय यंदा माझ्या वाट्याला आलाय. दोन क्रेडिट, तीस तास, सोमवार आणि शुक्रवार. हा विषय मुलांनी आपल्या शाखेबाहेरचा घ्यायचा असतो, त्यामुळे रसायनशास्त्राच्या वर्गात बीकॉमची ३१ आणि बीएची १६ अशी मुलं बसणार. दहावीनंतर विज्ञानाला रामराम ठोकलेली. मी तासिका तत्त्वावर, तेव्हा 'हा विषय कोणाला द्यायचा' यावर विभागात फार वेळ गेला नसावा.

हाती आलेला आराखडा असा: अणुरचना, आवर्तसारणी, रासायनिक बंध, आम्ल-आम्लारी, दैनंदिन जीवनातील रसायने. बीएस्सी पहिल्या वर्षाची आमटी पाणी घालून वाढवलीय. दोन वाट्या जास्त निघतात, चव कोणालाच लागत नाही.

नोंदी ठेवायच्या ठरवल्यात. पुढच्या वर्षी हा विषय ज्याच्या गळ्यात पडेल त्याच्यासाठी.

१५ जुलै, सोमवार

पहिला तास. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घातली, लालभडक झालं. लिंबू पिळलं, परत पिवळं. जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी, त्यात सोडा, मग हिरवं. टाळ्या पडल्या, मोबाइल वर आले. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, साबणाचा हात हळदीच्या डागावर लागला की लाल होतं, ते हेच ना?" बरोबर, हेच.

तास संपताना विचारलं, वहीत काय लिहिलंत? कोणी काही लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं मी दिलंच काय होतं? रंग बदलतो हे त्यांना घरूनच माहीत होतं. मी फक्त ते काचेच्या भांड्यात करून दाखवलं.

१९ जुलै, शुक्रवार

आज शिकवलं नाही, विचारत बसले. कोण काय काम करतं? ४७ पैकी निम्म्याहून जास्त मुलं काही ना काही करतात. दोघं अडत दुकानात टॅली मारतात. एक पेट्रोल पंपावर रात्रपाळी करतो. आठ-नऊ जणांच्या घरी द्राक्षबाग, त्यातल्या तिघांचं बेदाण्याचं शेड. एकीचं किराणा दुकान, ती सकाळी दोन तास गल्ल्यावर बसून मग कॉलेजला येते.

दिवसभर ही मुलं वजन करतात आणि वजनाचा हिशेब ठेवतात. आणि मी त्यांना इलेक्ट्रॉनच्या कक्षा शिकवायला निघाले होते.

अणुरचना मागे टाकली. सुरुवात वजनकाट्यापासून. पहिला महिना फळ्यावर एकही रासायनिक सूत्र लिहायचं नाही, सगळं नावानं आणि वजनानं.

२२ जुलै, सोमवार

बीकॉमवाल्यांकडून मीच शिकले. किर्द म्हणजे रोजची नोंद, तिथून खतावणी, म्हणजे एकेका खात्याची वेगळी नोंद, खतावणीवरून तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाकींचा ताळा. तेरजेच्या दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. हे त्यांना अकरावीपासून पाठ आहे. एकानं फळ्यावर दोन रकाने आखून दाखवले, डावीकडे नावे, उजवीकडे जमा. मी त्याच रकान्यांवर लिहिलं: डावीकडे 'काय घातलं', उजवीकडे 'काय मिळालं'. बीएची मुलं कंटाळलेली दिसली. त्यांना काय द्यायचं ते अजून सुचलेलं नाही.

२४ जुलै, बुधवार (जादा तास)

आजचा तास सविस्तर लिहिते.

प्रश्न दिला: घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो सगळा जळला तर किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेल? हिशेबापुरता गॅस नुसता ब्युटेन धरला. अंदाज आले दोन किलो, पाच किलो, फार तर चौदा. मी फळ्यावर उत्तर लिहिलं: सुमारे ४३ किलो.

वर्गात गलका. अडत दुकानातला मुलगा उभाच राहिला. "मॅडम, चौदा किलो माल आला आणि त्रेचाळीस किलो गेला? असं पुस्तक आमच्या शेठनी बघितलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील."

मी म्हटलं, बरोबर बोलतोयस, हे पुस्तक चुकलंय. काय राहिलं शोधा. पाच मिनिटं शांतता. मग किराणा दुकानवाली हळूच म्हणाली, "गॅस जळायला हवा लागते. हवेचं वजन धरलंच नाही."

त्या वाक्यासाठी मी दोन आठवडे वाट बघत होते. मग पूर्ण तेरीज मांडली. डावीकडे ब्युटेन १४.२ किलो, हवेतला ऑक्सिजन ५०.९ किलो. उजवीकडे कार्बन डायऑक्साइड ४३.१, पाण्याची वाफ २२. दोन्हीकडे ६५.१. अडतवाल्यानं कॅल्क्युलेटरवर बेरीज करून बघितली आणि खाली बसला. बसताना म्हणाला, "हवेचं खातंच उघडलं नव्हतं."

२२ किलो वाफ बऱ्याच जणांना खरी वाटेना. थंडीत चुलीवर गार पाण्याचं पातेलं ठेवलं की पहिल्या मिनिटात बाहेरून दमट होतं, हे आठवून दिलं. मग माना हलल्या.

२६ जुलै, शुक्रवार

बीएच्या मुलांसाठी आज फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए आणला. 'हवेचं खातं' उघडायला लावणारा माणूस तोच. त्याच्या आधी जळणं म्हणजे वस्तूतून काहीतरी निघून जाणं, अशी समजूत होती. मग धातू जाळल्यावर त्याचं वजन वाढतं कसं, याचा उलगडा कोणाला नीट करता येईना. यानं हवेसकट वजन केलं.

पोटापाण्याला हा माणूस फ्रान्सच्या राजासाठी कर गोळा करणाऱ्या कंपनीत भागीदार होता. हिशेबातला किडाच. क्रांतीनंतर त्याच कर-कंपनीच्या भागीदारांबरोबर ८ मे १७९४ ला त्याला गिलोटीनवर चढवलं. इतिहासाच्या मुली सरसावून बसल्या. एकीनं विचारलं, "प्रयोगाच्या नोंदी कोण ठेवायचं?" बायको, मारी-ॲन. नोंदी तिच्या, उपकरणांची चित्रं तिची, इंग्रजीतून भाषांतरं करून द्यायची तीच.

आणि आमच्या भागाला साजेशी गोष्ट: १७८९ सालच्या पुस्तकात लव्हाझिएनं बरोबरचं चिन्ह घालून जे समीकरण लिहिलंय ते द्राक्षाचं. द्राक्षाचा रस = कार्बोनिक आम्ल (म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड) + अल्कोहोल. काहीही नवं तयार होत नाही, आधी जेवढं होतं तेवढंच नंतर असतं, हे तत्त्व तो वाइन आंबवण्याच्या प्रकरणात सांगतो. बागवाल्या पोरांनी बाक वाजवले. मी वाजवू दिले.

आजपासून प्रत्येक गटात नोंदीचं काम बीएच्या मुलांकडे.

२ ऑगस्ट, शुक्रवार

मोल. या शब्दाला दरवर्षी बीएस्सीची मुलंसुद्धा घाबरतात. ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात, हा आकडा फळ्यावर आला की वर्ग संपला असं समजायचं.

म्हणून आकडा शेवटी ठेवला. किराणा दुकानवाली म्हणाली होती की वडील सुट्टे पैसे मोजत बसत नाहीत, वजन करतात. तिला रुपयाची शंभर नाणी आणायला सांगितली होती. एक नाणं काट्यावर ठेवलं, ३.७९ ग्रॅम. मग शंभर नाण्यांचं वजन ३७९ यायला हवं. सगळी पिशवी ठेवली तर ४०३.९.

"पंचवीस ग्रॅम जास्त आहेत!" पोरीचा चेहरा पडला. वडिलांची पद्धत चुकली असं वाटलं असावं.

नाणी वेगळी केली. जुनी मोठी ४० निघाली, प्रत्येकी ४.८५ ग्रॅम. मधली ३५, ती ३.७९ ची. अलीकडची लहान २५, ती ३.०९ ची. सगळी रुपयाचीच. सरासरी ४.०४ ग्रॅम, आणि गंमत म्हणजे ४.०४ वजनाचं एकही नाणं पिशवीत नाही.

मग क्लोरीन. त्याचा अणुभार ३५.५, पण ३५.५ चा एकही अणू जगात नाही. ३५ चे सुमारे तीन वाटे आणि ३७ चा एक वाटा मिसळलेला असतो. समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे असे कमीजास्त वजनाचे अणू, बीएस्सीला मी चार वर्षं शिकवलीत, पण वर्गाला ती अशी एका दमात पोचलेली पाहिली नव्हती. नाण्यांची कल्पना माझी नव्हे, हे इथं लिहून ठेवते.

शेवटच्या दहा मिनिटांत आकडा सांगितला. डझन म्हणजे बारा, ग्रोस म्हणजे १४४, मोल म्हणजे ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात. मोजून होत नाही, म्हणून तोलून घ्यायचा. खायच्या सोड्याचा एक मोल म्हणजे ८४ ग्रॅम. बस्स.

९ ऑगस्ट, शुक्रवार

प्रयोग पहिला. फसला.

खायचा सोडा तापवला की त्याचा धुण्याचा सोडा होतो, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातं. वजनात मांडलं तर १६८ = १०६ + १८ + ४४. म्हणजे ८.४० ग्रॅम घेतला तर ५.३० उरला पाहिजे, ३.१० गेला पाहिजे. ३६.९ टक्के तूट. हिशेबाला इतका सोयीचा पदार्थ दुसरा नाही.

आठ गट, आठ स्टीलच्या वाट्या, स्पिरिटचे दिवे. अर्ध्या तासानं आकडे आले: ७.४१, ६.९२, ७.८८ आणि असेच. तूट कुठं १२ टक्के, कुठं १८, कुठं ६. ५.३० च्या आसपास कोणीच नाही.

प्रयोगशाळेतले मामा खिडकीपाशी उभे होते. म्हणाले, "मॅडम, या दिव्यावर चहासुद्धा उकळत नाही."

१२ ऑगस्ट, सोमवार

मामांनी कँटीनमधून दोन शेगड्या आणल्या. पद्धत बदलली: पंधरा मिनिटं मोठ्या आचेवर, वाटी गार होऊ द्यायची, वजन. परत पाच मिनिटं, परत वजन. दोनदा तोच आकडा येईपर्यंत सोडायचं नाही. वाटी गरम असताना काट्यावर ठेवली की भोवतीची हवा तापून वर चढते आणि काटा वजन कमी दाखवतो, हे दोन गटांनी स्वतः पकडलं. आकडा डोळ्यांदेखत वर सरकत होता.

आजचे आकडे: ५.३४, ५.३१, ५.३८, ५.३३, ५.३५, ५.३२, ५.२२ आणि एक पापडखाराचा.

५.२२ वाला गट खुशीत. सगळ्यांपेक्षा जास्त उडवलं म्हणून. मी म्हटलं, ५.३० च्या खाली जायला वावच नाही, १०६ च्या जागी काय बसवणार? नोंदी ठेवणाऱ्या मुलीनं वही उघडली. तिनं प्रामाणिकपणे लिहिलं होतं: 'मध्ये दोनदा चमच्यानं हलवलं.' चमचा आणला, त्याला पांढरी पूड चिकटलेली. अडतवाला ओरडला, "अफरातफर चमच्यात आहे!"

पापडखार एकीनं घरून आणला होता. ८.४० चे ७.१० राहिले. तूट १५.५ टक्के. सगळी तूट खायच्या सोड्यामुळे धरली तर पुडीत तो ४२ टक्के, बाकी बहुधा आधीच धुण्याचा सोडा. पण पापडखार ओल धरतो, ते पाणीही गेलं असणार, तेव्हा ४२ हा आकडा वरचाच समजायचा. मुलगी म्हणाली, "म्हणजे न बघता, नुसतं जाळून आत काय आहे ते कळतं?" हो, कितपत ते कळतं. ती वहीत बराच वेळ काहीतरी लिहीत होती.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

आता धोक्याचं वळण. मुलांना तेरीज इतकी आवडलीय की बाजू जुळली म्हणजे क्रिया होणारच, असं त्यांनी धरलंय. मी मुद्दाम फळ्यावर मांडलं: तांबं ६३.५ + हायड्रोक्लोरिक आम्ल ७३ = कॉपर क्लोराइड १३४.५ + हायड्रोजन २. दोन्हीकडे १३६.५. जुळतंय?

"जुळतंय," सगळे.

विरल आम्लाच्या नळीत सोललेली तांब्याची तार सोडली. शेजारच्या नळीत जस्ताचा तुकडा. जस्त फसफसलं, तार गप्प. दहा मिनिटं थांबलो. एकसुद्धा बुडबुडा नाही.

तेव्हा टॅलीवाल्या दुसऱ्या मुलानं जे सांगितलं ते शब्दशः उतरवतेय: "तेरीज जुळली म्हणजे पुस्तक खरं असं नसतं मॅडम. रामभाऊंचे पाचशे शामरावांच्या नावावर टाकले तरी तेरीज जुळतेच." बरोबर. जुळलं नाही तर नक्की चूक, जुळलं तर फक्त शक्य. खरोखर घडतं का, ते नळीला विचारायचं.

मी मोठ्या थाटात जाहीर केलं: तांब्यावर या आम्लाचा काही परिणाम होत नाही. नळी तशीच खिडकीत ठेवा, पुढच्या आठवड्यातही अशीच दिसेल.

३० ऑगस्ट, शुक्रवार

तशी दिसली नाही.

पाणी हिरवट झालंय. फिकट, पण पांढऱ्या कागदासमोर धरलं की शंका राहत नाही. तार काढून पुसून तोलली, ०.०६ ग्रॅम कमी. वर्ग माझ्याकडे बघतोय. मागून कोणीतरी, "मॅडमचं पुस्तक चुकलं."

क्षणभर खरंच सुचेना. बीएस्सीला हे वाक्य मी दरवर्षी म्हणते, पण नळी आठवडाभर कधी ठेवली नव्हती. विद्युतरासायनिक श्रेणीत, म्हणजे क्रियाशीलतेच्या क्रमात, तांबं हायड्रोजनच्या खाली, म्हणून क्रिया नाही, टाळ्या, पुढचा मुद्दा.

फळ्यावर परत तेरीज मांडली आणि विचारलं, कोणतं खातं राहिलं? यावेळी तिघी-चौघी एकदम बोलल्या. "हवा!"

तांबं १२७ + आम्ल १४६ + ऑक्सिजन ३२ = कॉपर क्लोराइड २६९ + पाणी ३६. दोन्हीकडे ३०५. हायड्रोजन निघतच नाही, म्हणून बुडबुडे नाहीत. आम्ल एकट्यानं तांब्याला काही करू शकत नाही, पण पाण्यात विरघळलेली हवा मदतीला आली की हळूहळू खातं.

हे खरं कशावरून? ही तेरीजसुद्धा नुसती जुळतेच आहे. (हे मी म्हटलं नाही, त्यांनी म्हटलं.) मग हवा बंद करून बघायची. कशी? मी बूच, मेण वगैरे विचारात होते. किराणा दुकानवाली म्हणाली, "वरून तेल ओता की. लोणच्यावर ओततो तसं."

आम्लातलं पाणी आधी उकळून हवा काढलेलं, नवी तार पूर्ण बुडवून, वर बोटभर गोडेतेल. शेजारी तशीच दुसरी नळी, उघडी, बिनतेलाची. चिठ्ठी चिकटवली: 'हवा बंद. ३०-८-२०२४. हलवू नये.'

१३ सप्टेंबर, शुक्रवार

गणपतीची सुट्टी, त्यात तासगावचा रथ, हजेरी २२. तेलाची नळी पाण्यासारखी स्वच्छ. उघडी नळी हिरवी. जे आले नव्हते त्यांना गटावर फोटो गेला.

गणिताचे एक सर येऊन बघून गेले, म्हणाले यात अभ्यासक्रमाचा कुठला मुद्दा? मी म्हटलं दुसरा, तिसरा आणि चौथा. पाचवा पुढच्या आठवड्यात.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आज तास मी घेतला नाही. फळछाटण्या सुरू झाल्यात, बागवाली पोरं आलटून पालटून गैरहजर असतात. त्यातल्या एकाला म्हटलं, तुझा एक शुक्रवार माफ, पण बोर्डो, म्हणजे बागेवर फवारायचं मोरचूद-चुन्याचं मिश्रण, वर्गात करून दाखव.

तो बादल्या घेऊनच आला. प्लॅस्टिकच्या. एक टक्क्याचं प्रमाण त्याला तोंडपाठ: शंभर लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. आमच्यासाठी एका लिटरला दहा-दहा ग्रॅम. मोरचूद एका बादलीत रात्रभर भिजवलेलं, निळंशार. कळीचा चुना दुसरीकडे फोडून, गाळून. मग दोन्ही एकदम तिसऱ्या बादलीत, काठीनं ढवळत. आकाशी रंगाचा, दह्यासारखा साका.

"लोखंडी बादली का नाही?" मी विचारलं. "खराब होते," तो म्हणाला. खराब म्हणजे काय होतं, ते त्याला पुढच्या दोन मिनिटांत स्वतःच दाखवायचं होतं, फक्त त्याला ते माहीत नव्हतं.

खिशातून खिळा काढला. पॉलिश पेपरनं घासलेला. मिश्रणात बुडवला, मिनिटभर धरला, वर काढला. पांढराच. "झालं. आता फवारायला हरकत नाही. खिळा तांबडा झाला असता तर चुना कमी." आज्ज्यापासून असंच करतात म्हणाला.

मी नुसत्या मोरचुदाच्या पाण्यात दुसरा खिळा सोडला. काढला तर तांब्यानं मढलेला, बोटानं पुसला तर बोट तांबूस. लोखंड ५६ + मोरचुदातलं कॉपर सल्फेट १५९.५ = फेरस सल्फेट १५२ + तांबं ६३.५. दोन्हीकडे २१५.५. लोखंड पाण्यात उतरतं, तांबं खिळ्यावर बसतं. बादलीचं 'खराब होणं' ते हेच: बादली झिजते आणि औषधातलं तांबं बादलीला चिकटून वाया जातं.

आता हीच तेरीज उलटी वाचा. फेरस सल्फेटच्या पाण्यात तांब्याची तार. बेरीज अजूनही २१५.५. करून बघितलं. काही नाही. एका बाजूनं घडतं, उलट्या बाजूनं नाही, आणि आकडे दोन्हीकडून सारखेच समाधानी.

चुना पुरेसा असला की तांबं साक्यात अडकून बसतं, पाण्यात मोकळं राहत नाही, म्हणून खिळ्यावर येत नाही. मोकळं तांबं जास्त झालं तर पान जळतं. मुलगा खिळ्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे हा खिळा मोकळं तांबं मोजतो." मोजत नाही, आहे की नाही ते सांगतो. पण मी सुधारलं नाही, आजचा दिवस त्याचा होता.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

बोर्डोची जन्मकथा पाच मिनिटांत: फ्रान्समधल्या बोर्डो भागात वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना मारायचे. वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक मिलार्डे यांच्या लक्षात आलं की त्याच ओळी डाऊनी या वेलीवरच्या रोगापासून वाचल्यात. १८८५ मध्ये त्यांनी ते छापलं. चोरांसाठी मारलेलं औषध बुरशीला लागू पडलं, ही गोष्ट मुलं घरी नक्की सांगतील.

मग हिशेब, आणि त्यातून उठलेला प्रश्न. मोरचूद २५० ग्रॅम म्हणजे एक मोल. साधं समीकरण धरलं तर त्याला विरलेला चुना लागतो ७४ ग्रॅम. मग एक किलोला साधारण ३०० ग्रॅम. बागेत घालतात एक किलो. तिपटीहून जास्त! अडतवाला लगेच, "चुन्याचं बिल उगाच वाढवतायत."

बागवाला चिडला. त्याच्या आज्ज्याचा प्रश्न होता. वाद बरा चालला, मी मध्ये पडले नाही. शेवटी तीन कारणं फळ्यावर आली. बाजारातला चुना कधीच शुद्ध नसतो. पोतं उघडं राहिलं की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून निम्मा निकामी होतो (परत हवेचं खातं, हे बागवाल्यानंच म्हटलं). आणि चुना थोडा जास्त झाला तर चालतं, कमी झाला तर पाला जळतो. म्हणून एक किलो हा हिशेब कमी, विमा जास्त. ताजा चांगला चुना असेल तर खिळा बघत बघत कमी चुन्यावर थांबता येईल का? बागवाला म्हणाला, बघतो. पुढं त्यानं काय केलं ते घरच्यांवर अवलंबून, मी आग्रह धरणार नाही. बाग त्यांची, नुकसान झालं तर ते त्यांचं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

बेदाणा. हंगाम फेब्रुवारीनंतर, तेव्हा आज नुसता कागदावर. शेडवाल्यांचा अनुभव: चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा पडतो. का? २२ टक्के गोडी म्हणजे चार किलोत घन भाग ०.८८ किलो. बेदाण्यात १५ टक्के पाणी राहतं. ०.८८ भागिले ०.८५, उत्तर १.०३५. अनुभव आणि हिशेब एकमेकांशेजारी येऊन बसले.

शेडवर डिपिंग ऑईल आणि कार्बोनेटच्या पाण्यात घड बुडवतात: लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, १५ मिली तेल. मण्यावरचा मेणाचा थर त्यानं सैल होतो आणि आतलं पाणी लवकर बाहेर पडतं. हे तेल म्हणजे एथिल ओलिएट, हे नाव ऐकल्यावर एकजण म्हणाला, "डब्यावर बारीक अक्षरात आहे, आजवर वाचलं नव्हतं." कार्बोनेट शब्द मात्र ओळखीचा निघाला. धुण्याच्या सोड्याचा भाऊ.

अंतर्गत गुणांची परीक्षा पुढच्या शुक्रवारी.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

प्रश्नपत्रिकेवरून विभागात थोडी कुरकुर. 'व्याख्या लिहा' एकही नाही, हे कसं चालेल? शेवटी दोन व्याख्या घातल्या. बाकी प्रश्न माझे. एकात मुद्दाम चुकवलेली तेरीज: एक किलो कोळसा जाळून ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड मिळाला, 'कारखानदार खोटं बोलतोय का?' कोळसा शुद्ध कार्बन धरायचा. ४७ पैकी ३८ जणांनी २.६७ किलो ऑक्सिजन काढून दिला. व्याख्या बरोबर लिहिणारे २१.

एका उत्तरपत्रिकेत तेरजेखाली पेन्सिलीनं लिहिलेलं: 'जुळली. आता नळीत बघावं लागेल.' त्याला मार्क ठेवलेले नव्हते. अर्धा दिला.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

परवा मतदान झालं. निवडणुकीच्या ड्युटीवरून आलेली माणसं अजून झोपेतच आहेत. वजनकाटा विभागाला परत केला. काट्याच्या ताटलीवर सोड्याची पांढरी रेघ राहिली होती, ती मामांनी व्हिनेगरनं पुसली आणि फसफसताना मला हाक मारून दाखवली.

पुढच्या वर्षीसाठी: शेगड्या स्वतःच्या हव्यात, कँटीनवाल्याची नाराजी परवडत नाही. मोलचा तास नाण्यांवरच घ्यायचा. आम्ल-आम्लारीला मी फार थोडा वेळ दिला आणि पाण्याचा जडपणा राहूनच गेला, बोअरच्या पाण्यात साबण का फेसत नाही हे या भागात शिकवायलाच हवं होतं.

कपाट आवरताना मामा तेलाची नळी घेऊन आले. "ही फेकू का?" खिडकीसमोर धरली. तीन महिने झालेत. तळाशी स्वच्छ, पण तेलाच्या थराखाली अगदी वरच्या बोटभर पाण्याला हिरवी झाक आहे. तेलातून हवा झिरपते, की नळी कोणी हलवली, की पाणी नीट उकळलंच नव्हतं? चिठ्ठीवरचं 'हलवू नये' अजून वाचता येतं. मामांना म्हटलं, राहू द्या तिथंच, जूनपर्यंत.